भरलेल्या बोटीचा पंखा

धरण भरल्याची बातमी आता मोबाईलवर येते. सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ, त्यावर फुलं, हात जोडलेले, खाली कुणाकुणाच्या शुभेच्छा. यंदाही आली. कळंबला आमच्या दारावर भाजी घेऊन येणारी बाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "भरलं बरं का डिंभं. आता उन्हाळ्यापातूर काळजी न्हाई." मी म्हटलं, "बरं झालं," आणि भेंड्या निवडत राहिले.

बरं झालं हे खरंच. कालव्याला पाणी येतं, खालची गावं पिकतात, आमच्या नळालाही तेच पाणी आहे. पण धरण भरलं म्हटलं की मला हिरवे डोंगर आठवत नाहीत, धबधबे आठवत नाहीत. मला ॲल्युमिनियमचा, काळा रंग दिलेला, तीन पात्यांचा एक पंखा आठवतो. तो पाण्याखाली जीव तोडून फिरतोय आणि बोट जागच्या जागी आहे.

त्या वर्षी मी पाण्याच्या पलीकडे होते. धरणाची भिंत कुठेतरी खाली लांब. तिच्यामागे साठलेलं पाणी डोंगरांच्या फटीफटीतून वर घुसतं, त्याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. फुगवट्याच्या पलीकडच्या एका वाडीत मी शाळेवर होते. वाडीतून घोडेगावला यायला दोन वाटा. एक डोंगराच्या कडेने वळसे घेत येणारा रस्ता, दुसरी सरळ पाण्यावरून. श्रावणात रस्त्यावरची मोरी वाहून गेली आणि मोरीच्या पुढे दरड आली. एकच वाट उरली.

माझे मिस्टर एस.टी.त ड्रायव्हर होते. किडन्या गेल्या तेव्हा नोकरी सोडून ते माझ्याजवळ वाडीला येऊन राहिले. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मंचरला डायलिसिस. पाळी अकराची. साडेअकरापर्यंत गेलं तर बसवून घ्यायचे, त्यानंतर ती खुर्ची पुढच्या पेशंटला. त्यात कुणाचा दोष नव्हता. खुर्च्या मोजक्या आणि माणसं जास्त.

मंचरला खोली का घेत नाही, असं येणारा-जाणारा विचारायचा, जणू ते आम्हाला सुचलंच नव्हतं. शाळेत शिक्षक दोन, त्यातले एक दुखण्याच्या रजेवर. मंगळवार-शुक्रवारी मीही रजेवर गेले की चौथीपर्यंतची सगळी पोरं अंगणवाडीच्या ताईंच्या जिवावर. कायमची गेले असते तर शाळेला कुलूपच. बदलीचा अर्ज दिलेला होता आणि तो कुठल्यातरी टेबलावर पडून होता. बरं, मिस्टरांना एकट्याला खोलीवर ठेवायचं, तर त्यांनी पहिल्याच दिवशी तांब्या तोंडाला लावला असता.

पाण्याचं हे ज्याच्या घरी डायलिसिस आहे त्यालाच कळेल. लघवी जवळजवळ होत नाही, म्हणून प्यालेलं पाणी अंगातच राहतं. पाय सुजतात, मग पोट, मग छातीत भरतं आणि आडवं झालं की दम लागतो. म्हणून पाणी मोजून. आमच्याकडे एक काचेचा पेला होता, त्यावर मी नेलपॉलिशने रेघ मारली होती. सकाळी एक, दुपारी एक, रात्री निम्मा. चहा, आमटी, ताक, सगळं त्यातच धरायचं.

आणि बाहेर बघावं तर पाणी. दारातून पाणी, शाळेच्या खिडकीतून पाणी, पागोळ्यांचं पाणी, भिंतींना आलेली ओल. रात्री कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. मिस्टर ओट्यावर बसून तो पेला हातात धरायचे आणि म्हणायचे, "बाई, धरान शंभर टक्के भरलंय, आन् मला निम्माच?" सगळी वाडी मला बाई म्हणायची, म्हणून तेही म्हणायचे. मी म्हणायचे, "धरणाच्या किडन्या चांगल्या आहेत." त्यावर ते हसायचे. हसणं चालत होतं तोवर ठीक होतं.

मोरी गेल्यावर महिनाभराने वाडीसाठी तराफा-बोट आली. लोखंडी पत्र्याच्या दोन लांबलचक बंद नळ्या, त्यांवर सपाट फळ्यांचा मांडव घातल्यासारखा, वर ताडपत्री, मागे पेट्रोलचं इंजिन. खोल बोट नाही, तराफाच, पण स्थिर. म्हाताऱ्या माणसाला काठावरून सरळ पाऊल टाकून चढता यायचं. ती येईपर्यंत आम्ही मासेमारीच्या होडीतून गुडघे पोटाशी घेऊन जात होतो, त्यामुळे मला ती पाहून बरं वाटलं.

बोट पोचवायला आलेल्या माणसाने सगळ्यांना काठावर गोळा केलं. त्याच्याकडे दोन पंखे होते. पंखा म्हणजे इंजिनाच्या खाली पाण्यात फिरतो तो. त्याने विचारलं, "हा स्पीडचा, हा ताकदीचा. कोणता बसवू?"

आता आमच्या जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न विचारायचाच नसतो. इथे जत्रेला बैलगाडे पळतात. चढाच्या मोकळ्या पट्टीवरून, शर्यतीत तिलाच घाट म्हणतात, हलका, रिकामा गाडा खालून वर किती सेकंदांत गेला ते मोजायचं, आणि सेकंदाच्या तुकड्यावरून वर्षभर भांडायचं. बोट चालवणार होते देवरामभाऊ. तरुणपणी ते पूर्वेकडच्या एका गाडामालकाकडे बैल सांभाळायला होते. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट सेकंदातच दिसते.

"स्पीडचा!" देवरामभाऊ म्हणाले. सगळे म्हणाले. खोटं कशाला लिहू, मीही म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं. मला अकरा वाजता मंचरला पोचायचं होतं.

मग झाली ट्रायल. सकाळची वेळ, वारं नाही, पाणी ताटासारखं. बोटीवर देवरामभाऊ, तो माणूस आणि तिघे-चौघे. पलीकडच्या काठावर एक जण मोबाईलमध्ये सेकंद लावून उभा. कुणीतरी भंडारा उधळला. बोट सुटली तशी पोरंटोरं काठाने ओरडत पळाली. पलीकडून फोन आला, देवरामभाऊंच्या भावाने आकडा ऐकला आणि दोन्ही हात वर केले, "घाटाचा राजा!" बोट पोचवायला आलेला माणूस खूश, आम्ही खूश. तो दुसरा पंखा पोत्यात घालून परत घेऊन गेला. नंतर त्याला कितीदा फोन केले. "मागवून देतो" याच्यापुढे गोष्ट गेली नाही.

रिकामा गाडा पळवून बैल निवडला आणि त्याच्याकडून ऊस ओढून घ्यायला निघालो, असं ते झालं होतं. पण ते कळायला मंगळवार उजाडावा लागला.

मंगळवार घोडेगावच्या कामांचा दिवस. गौरी-गणपती तोंडावर. बोटीवर माणसं चढत राहिली. रेशनची रिकामी पोती घेतलेले, बँकेत जाणारे, बाळाला सुई टोचायला नेणारी एक पोरगी, दोन शेळ्या, एक सायकल. बोटीवर पाटी होती, माणसं सोळा. मी मोजली तेव्हा पंचवीसच्या पुढे होती. देवरामभाऊंनी इंजिन चालू केलं. ते आधी गुरगुरलं, मग घोगरं झालं, मग दम लागलेल्या माणसासारखं एकाच पट्टीत कण्हत राहिलं. बोट निघाली खरी. मध्यावर गेलो आणि घाटाकडून वारं सुटलं. पावसाळ्यात त्या खिंडीतून नऊनंतर वारं येतंच. हे सगळ्यांना माहीत होतं आणि ट्रायलच्या दिवशी कुणालाच आठवलं नव्हतं.

मी समोरच्या डोंगरावरचं एक वाळलेलं झाड नजरेत धरून ठेवलं होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, झाड ताडपत्रीच्या त्याच खांबाशी. मागे पाणी उकळल्यासारखं पांढरं होतंय, पेट्रोलचा वास डोक्यात चढतोय, पायाखालच्या फळ्या थरथरतायत, आणि आपण जागच्या जागी. खाली जुनं गाव आहे, बुडालेलं. देवरामभाऊ तिथले. बोट कुठे आहे हे ते खालच्या गावावरून सांगायचे. "कुठंवर आलो हो?" मी विचारलं.

"तेलनीच्या घरावर," ते म्हणाले.

पुन्हा दहा मिनिटांनी विचारलं.

"घरावरच हाये. परसाकडं आलो थोडं."

मिस्टर हसले. इतके हसले की त्यांना खोकला आला. "देवराम, तेलीन जेवाया घालती का बघ."

इंजिन तापलं आणि त्याने शिट्टी दिली. देवरामभाऊंनी बोट फिरवली. वाऱ्याबरोबर परत यायला काहीच वेळ लागला नाही. शाळेची घंटा होण्याआधी मी वाडीत होते, मंचरची फाईल छातीशी धरून.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या डोक्यात एकाच दिवसासारखे आहेत. कधी पोचायचो, तेही कधी साडेअकराला पाच कमी असताना आणि कधी बारा वाजता. बारा वाजता पोचलं की तिथली सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणायची, "संध्याकाळी कुणी आलं नाही तर बघू." मग बाकावर बसायचं. कधी बोट मध्यातूनच परत. एक पाळी चुकली की तिसऱ्या दिवशी मिस्टरांच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. रात्री ते भिंतीला टेकून बसून झोपायचे. मी जागी राहून श्वास ऐकायचे आणि सकाळी पोरांना पाढे म्हणायला लावायचे. माझ्या बाजूने मी काय करू शकते, हे मी रोज स्वतःला विचारायचे. रस्ता माझ्या हातात नाही. पाणी नाही. वारं नाही. बदली नाही. किडनी देणारं कुणी नाही. माझी जुळत नव्हती, ते आधीच बघून झालं होतं. उरली बोट.

म्हणून एका शुक्रवारी काठावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "सोळाच माणसं चढतील. बाकीच्यांनी दुसऱ्या खेपेला यायचं."

तिथे एक रीत आहे, आणि ती मला माहीत होती. काठावर आलेल्याला मागे ठेवून जायचं नाही. गाव बुडून लोक वर सरकले तेव्हापासूनची ती रीत. एकदा मागे राहिलेलं माणूस दिवस मावळेपर्यंत काठावर भिजत बसतं आणि दुसरी खेप येईलच याचा भरवसा नसतो, हे त्यांनी अंगावर काढलं होतं. शेवंताबाई पुढे आल्या. पन्नाशीच्या, माझ्याच वयाच्या, डोक्यावर पोतं, अंगावर प्लास्टिकचा कागद.

"बरं बाई," त्या म्हणाल्या, "मंग कुनाला ठिवायचं त्ये तूच सांग. मला? ह्या बाळतिनीला? का तुज्या मालकाला? त्येंचंबी वजन हायेच की."

मी सगळ्यांकडे बघितलं. मग म्हटलं, "चढा."

त्या दिवशी मला एक गोष्ट स्वच्छ कळली. माणसं कमी होणार नाहीत. वारं कमी होणार नाही. बदलता येण्यासारखी त्या सगळ्या धरणात एकच वस्तू आहे, आणि ती पाण्याखाली फिरतेय.

त्या शुक्रवारी आम्ही कसेबसे पोचलो. मिस्टर चार तास खुर्चीवर अडकलेले असतात, तेवढ्यात मी नारायणगावमार्गे जुन्नर गाठलं. तिथे यासीनभाई मिस्त्रींचं लेथचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी, त्यांच्या आतली फिरती चाकं, हे सगळं त्यांच्याकडे दुरुस्तीला येतं. पाण्यात फिरणारं काहीही त्यांना समजतं, असं मला वारूळवाडीच्या माझ्या भावाने सांगितलं होतं. दुकानात लोखंडाचा कीस, गुळगुळीत काळी जमीन, कोपऱ्यात चहाच्या कपांचा ढीग. यासीनभाई साठीचे. चष्मा कपाळावर.

मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "पंख्यावर आकडे असत्यात दोन. दुसरा किती?"

मी फोटो काढून आणला होता. तेरा.

"हां. म्हंजे एका फेऱ्यात तेरा इंच पुढं जायचं बघतोय त्यो. स्क्रू लाकडात जातो तसं. घास म्हना. तुमचा पंखा तेरा इंचाचा घास घेतोय. बोट रिकामी असली की गिळतो, सुसाट जातो. वजन चढलं, वारं आडवं आलं, की घास घशात. मोटर जोर लावतीया, पन फेरेच पुरे व्हत न्हाईत. गरम व्हती ना?"

"शिट्टी देते."

"देनारच. रडती ती." त्यांनी चष्मा खाली घेतला. "मानसं किती बसवता?"

"सोळा लिहिलंय."

"लिहिलेली नको ताई. बसत्यात किती?"

"पंचवीस. आणि शेळ्या."

"पंखा बसनाऱ्या मानसांवर ठरवायचा. लिहिलेल्यांवर न्हाई."

हा माणूस मला वीस वर्षांपूर्वी भेटायला हवा होता, असं वाटलं. शिक्षण खात्यात त्याची फार गरज होती.

किनाऱ्याकडे त्यांच्या ओळखीचं बोटीच्या सामानाचं दुकान होतं. तिथून त्यांनी दोन पंखे पारखायला मागवले आणि पुढच्या रविवारी ते स्वतःच वाडीला आले, पिशवीत पंखे आणि इंजिनाचे फेरे मोजायचं एक छोटं मीटर घेऊन. मीटरचा आकडा पाच हजारांच्या वर गेला पाहिजे, त्यांनी मला सांगून ठेवलं. त्याच्या खाली अडकला तर मोटर दबतेय, फारच वर गेला तर मोकाट सुटलीय. देवरामभाऊंना हे आवडलं नव्हतं. "बाहेरून मानूस आनायची काय गरज व्हती बाई? बोट पळती आपली. ट्रायल बघितली ना तुमी?"

"ती ट्रायल रिकाम्या बोटीची होती," मी म्हटलं. "आज भरलेल्या बोटीची. आणि वारं सुटल्यावर."

मी वाडीत सांगितलं, रविवारी बारा वाजता सगळ्यांनी काठावर यायचं, काम काही नाही, नुसतं वजन म्हणून बसायचं. आले. कुणी भाताची पोती आणली, कुणी दगड घातलेली घमेली. शेवंताबाई शेळ्या घेऊन आल्या. "आमाला बसवा नायतर दगडं बसवा, एकच," त्या म्हणाल्या. मिस्टरांसाठी मी खुर्ची ठेवली होती. ते म्हणाले, "मला कशाला? माजं पानी वजनात धरलं का?"

आधी जुनाच पंखा. मीटर चार हजारांच्या खालीच. यासीनभाईंनी मला आकडा दाखवला आणि मान हलवली. मग पहिला नवा, आठ इंचाच्या घासाचा. इंजिन सुटल्यासारखं किंचाळायला लागलं, आकडा चढत गेला, चढतच गेला, आणि बोट मात्र म्हातारीसारखी. देवरामभाऊ खूश झाले. "बघा! आवाज लई, चाल न्हाई. सरपंचासारखं."

"घास लई बारका झाला," यासीनभाई म्हणाले. "चिमटीनं जेवतीया. काढा."

तिसरा पंखा चार पात्यांचा होता. पाती रुंद, घास दहा इंचाचा. इंजिन वर उचलून, खिळा काढून, पंखा बदलून, पुन्हा खिळा घालेपर्यंत पाऊस येऊन गेला. लोक ताडपत्रीखाली चिकटून बसले होते. ओल्या घोंगड्यांचा, शेळ्यांचा, तंबाखूचा वास. इंजिन चालू झालं. आवाज वेगळा होता. कण्हणं नाही, किंचाळणं नाही. भरल्या पोटाच्या माणसासारखा सपाट आवाज. बोट आधी हळू निघाली, मग तिने वाऱ्यात नाक घातलं आणि ती गेली. मीटर पाच हजारांच्या वर जाऊन थांबलं. मी समोरचं झाड धरलं होतं. ते एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकलं, मग ताडपत्रीमागे नाहीसं झालं.

देवरामभाऊंनी इंजिनाला हात लावून पाहिला. पलीकडच्या काठाला लागताना म्हणाले, "रिकामी असती तर जुनाच फाष्ट व्हता."

"रिकामी कवा असती?" शेवंताबाईंनी विचारलं.

पुढचा मंगळवार. वीस-बावीस मिनिटांत पलीकडे. साडेदहाला मंचर. सिस्टरने घड्याळ बघितलं आणि मग प्रथमच माझ्याकडे बघितलं. शुक्रवारही तसाच. मग पुढचा आठवडा. पाय उतरले. मिस्टर आडवे झोपायला लागले. मी शाळेत बऱ्याच दिवसांनी नवीन धडा घेतला. मी खूश होते, असं म्हणायला हरकत नाही. एक गणित होतं, ते मी सोडवलं होतं.

फक्त मिस्टर हसेनासे झाले होते. बोटीत ते माझ्याशेजारी बसायचे, टोपी कपाळावर ओढून. डायलिसिसचा ताण असेल म्हणून मी सोडून दिलं. मग एका दुपारी परतीच्या जीपमध्ये ते आपणहून म्हणाले, "बाई, तू लई भारी काम केलंस."

"मग तोंड का असं?"

"बोट परत फिरायची ना, तवा आतून बरं वाटायचं. आपन काय केलं न्हाई, पन सुट्टी मिळाली. ती सुई न्हाई, ती खुर्ची न्हाई. आता बोट जाती. आता जायाचंच."

"सुट्टीने पाय सुजतात," मी म्हटलं.

"म्हाईत हाये की."

त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. बुडणाऱ्याने दोरीबद्दल तक्रार करू नये. पण त्यानंतर बोटीत बसलं की मी इंजिनाच्या आवाजाबरोबर दुसरं एक मशीनही ऐकायला लागले. ते मंचरचं. ते असंच सपाट, एकसुरी चालतं. त्याच्याही नळ्यांतून काहीतरी फिरत राहतं, आणि नळी हाताला लागली तर कोमट लागते. त्यांच्याजवळ चार-चार तास बसून मी ते किती वेळा ऐकलं होतं, पण ऐकू आलं नव्हतं.

दसऱ्याच्या आसपासचा मंगळवार होता. पाऊस उघडला होता. पाणी काठोकाठ, काठावरच्या कारवीपर्यंत, आणि वारं पडलेलं. धुकं वर चढत होतं, मध्यावर ऊन. बोटीवर त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी माणसं होती. मिस्टरांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"देवराम, पाच मिन्टं मशीन बंद कर."

देवरामभाऊंनी माझ्याकडे बघितलं.

"कशाला?" मी विचारलं.

"कशाला न्हाई. आवाज नको. दोन मशीनींच्या मधी पाच मिन्टं."

मी घड्याळ बघितलं. वेळ होता. पाच मिनिटं निघाली असती, दहाही निघाली असती. पण पुढे जीप मिळायची होती, घाटात ट्रॅक्टर आडवा असतो, घोडेगावच्या बाजारात गाडी अडते. मी त्या तीन आठवड्यांतून नुकतीच बाहेर आले होते. चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही, असं माझं झालं होतं.

"येताना थांबू," मी म्हटलं.

ते हो म्हणाले.

येताना संध्याकाळचे पाच वाजले होते. त्या दिवशी मशीनवर त्यांचं बी.पी. खाली गेलं होतं. बोटीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली, तोंड उघडं, हाताला पट्टी, माझी शाल गुडघ्यांवर. मध्यावर आलो तेव्हा देवरामभाऊंनी हात चावीवर ठेवला आणि भुवया वर केल्या. त्यांच्या लक्षात होतं.

"चालू द्या," मी म्हटलं. "झोपलेत."

तो आठवडा गेला, मधली शुक्रवारची खेप धुक्यात गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा तसंच ऊन होतं. मोरीचं काम संपत आलं होतं, रस्ता दोन दिवसांत सुटणार असं सगळे म्हणत होते. आमची ती शेवटचीच खेप असणार होती. मी घड्याळ मुद्दाम पिशवीत टाकलं होतं. मध्यावर आलो तसं मी देवरामभाऊंना हाताने थांबा म्हटलं आणि मिस्टरांकडे वळले.

"बंद करायला सांगू का? पाच मिनिटं?"

त्यांनी टोपी सारखी केली. समोर, उतरायच्या काठाकडे बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "उशीर व्हईल."

माझाच आवाज, माझीच चाल, त्यांच्या तोंडून. देवरामभाऊंनी चावीवरचा हात काढला. मी पाण्याकडे बघितलं. पंखा उत्तम चालत होता.